मित्राच्या कॉम्प्युटरवरची ती एररची चौकट
(विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

ए-४ काका: नमस्कार मंडळी. जरा मदत पाहिजे होती. माझ्या मित्राची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर चालू केला की रोज एक चौकट येते. वर 'रनडीएलएल', खाली 'देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग', मग लांबलचक पत्ता आणि शेवटी 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबलं की जाते. बाकी सगळं चालतंय, पण बिचाऱ्याच्या जिवाला घोर लागलाय.

ए-४ काका: रिपेअरवाला म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल. सगळा हिशेब टॅलीत आहे आणि सौदे सुरू आहेत. मशीन हातचं सोडायला तो तयार नाही.

बी-७ निखिल: काका, ती हरवलेली डीएलएल (प्रोग्रामला लागणारी एक फाइल) नेटवर मिळते. नाव टाकून शोधा, डाउनलोड करा आणि सिस्टिम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्ये टाका. एरर बंद होईल.

सी-११ अनघा: निखिल, थांब. काका, हे कृपा करून करू नका. मी कॉलेजच्या लॅबमधली मशीन सांभाळते, हा प्रकार तिथे नेहमीचा आहे. विंडोज सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम चालू करायचे याच्या नोंदी असतात. त्यातली एक नोंद उरली आहे आणि ती जी फाइल मागते ती आता जागेवर नाही. एवढाच त्या चौकटीचा अर्थ. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याच्या नावाची पत्रं येत राहतात, तसं. रनडीएलएल हा विंडोजचा स्वतःचा भाग आहे, त्याला हात लावायचा नाही. फाइल बहुतेक वेळा अँटीव्हायरसने काढलेली असते, नाहीतर एखादा प्रोग्राम अर्धवट अनइन्स्टॉल झालेला असतो. त्याच नावाची फाइल कुठल्यातरी साइटवरून आणून ठेवली, तर जे निघालं तेच आपण परत आणून बसवलं असं होऊ शकतं.

बी-७ निखिल: बरोबर आहे ताई. हा विचारच केला नव्हता.

सी-११ अनघा: काका, चौकटीतला तो लांबलचक पत्ता पूर्ण वाचून सांगाल का? सगळं त्यावर अवलंबून आहे.

ए-४ काका: दुकानातच बसलोय. सी, युजर्स, मग त्याचं नाव, ॲपडेटा, रोमिंग. पुढे काहीच अर्थ लागत नाही अशा अक्षरांचं फोल्डर आणि आत तशाच नावाची डीएलएल.

सी-११ अनघा: म्हणजे विंडोजची फाइल नाही. विंडोजच्या बहुतेक डीएलएल सिस्टिम३२ मध्ये असतात. रोमिंगमध्ये चांगले प्रोग्रामही आपली सेटिंग ठेवतात, पण तिथे फोल्डरला धड नाव असतं. वाचताच येत नाही असं नाव दिसलं की मला शंका येते. हे सुरू व्हायच्या आधी काही नवीन टाकलं होतं का?

ए-४ काका: विचारलं. भाच्यानं सातबाराच्या पीडीएफ एकत्र जोडायला कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मग ब्राउझर उघडला की भलतंच पान यायला लागलं. पुढे अँटीव्हायरसनं काहीतरी पकडलं म्हणून दाखवलं आणि तेव्हापासून ही चौकट.

सी-११ अनघा: मग चित्र स्पष्ट आहे. त्या सॉफ्टवेअरबरोबर दुसरं काहीतरी चिकटून आलं. 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबताना आधीच टिक केलेला एखादा चौकोन राहून जातो. भाच्याला रागावू नका, ती पानं तशीच बनवलेली असतात. अँटीव्हायरसने फाइल काढली, नोंद राहिली.

बी-२ सर: अनघा, कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवलं तर? आमच्याकडे एकदा त्यानं काम झालं होतं.

सी-११ अनघा: सर, ते विंडोजच्या स्वतःच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करतं. ही फाइल विंडोजची नाही, म्हणून इथे उपयोग होणार नाही. चालवलं तरी नुकसान काही नाही.

सी-११ अनघा: काका, आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. मग फुल स्कॅन लावा. क्विक स्कॅन नको. नुसती चौकट बंद करणं सोपं आहे, पण ती फाइल आली कुठून आणि तिच्याबरोबर अजून काही आलंय का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात ना?

ए-४ काका: होतात की. रोजच.

सी-११ अनघा: मग बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आजच बदलायला सांगा. त्या मशीनवरून नको, मोबाइलवरून. आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये ओळखीचं नाही ते काढून टाका.

(दुपारी)

ए-४ काका: स्कॅन झालं. ब्राउझरमधलं एक एक्स्टेन्शन सापडलं, ते काढलं. बाकी स्वच्छ दाखवतंय. रिस्टार्ट केलं, चौकट आहेच.

बी-७ निखिल: काका, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' निवडा, म्हणजे प्रत्येक नोंद कुठली फाइल मागते ते दिसेल.

ए-४ काका: बघितलं. टॅलीचं, प्रिंटरचं, अँटीव्हायरसचं. तो पत्ता कुठंच नाही.

सी-११ अनघा: मग नोंद टास्क शेड्यूलरमध्ये असणार. लॉग ऑन केलं की अमुक चालव, अशी कामं तिथे लावता येतात आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये ती दिसत नाहीत. अनेक जण इथेच अडकतात आणि मग फॉरमॅटवर येतात. काका, 'ऑटोरन्स' म्हणून एक छोटं साधन आहे, सिसइंटरनल्स या विंडोजच्या साधनांच्या संचातलं. आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी ते एका यादीत दाखवतं. मायक्रोसॉफ्टने सिसइंटरनल्स २००६ मध्ये विकत घेतलं, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यायचं. दुसरीकडून नाही. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. झिप उघडा आणि राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा.

ए-४ काका: उघडलं. बाप रे, केवढी यादी आहे ही.

सी-११ अनघा: घाबरू नका. वर ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' वर टिक करा. विंडोजच्या नोंदी झाकल्या जातील आणि चुकून त्यांना हात लागणार नाही. आता पिवळ्या ओळी शोधा. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही.

ए-४ काका: तीन-चार पिवळ्या आहेत. सगळ्या काढू का?

सी-११ अनघा: नको नको. पिवळी दिसली म्हणून ती वाईटच असं नाही. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची ओळही पिवळी दिसते. आपल्याला फक्त तो रोमिंगवाला पत्ता हवा आहे. 'शेड्यूल्ड टास्क्स' मध्ये बघा.

ए-४ काका: सापडली! तेच फोल्डर, तीच फाइल.

सी-११ अनघा: त्या ओळीच्या डाव्या बाजूची टिक फक्त काढा. डिलीट नको. टिक काढली की नोंद बंद होते, आणि काही बिनसलं तर परत लावता येते. आता रिस्टार्ट.

ए-४ काका: झालं! चौकट आली नाही. टॅली उघडली, प्रिंट पण आली. मित्र म्हणतोय ताईंना दुकानातली हळद पाठवतो.

बी-७ निखिल: भारीच ताई.

सी-११ अनघा: हळद नक्की घेणार. पण काका, चार-आठ दिवस नीट चाललं की मगच ती ओळ राइट क्लिक करून डिलीट करा. ते पीडीएफवालं सॉफ्टवेअर मात्र आजच अनइन्स्टॉल करून टाका. आणि फॉरमॅटबद्दल माझं स्पष्ट मत आहे. स्कॅनमध्ये रोज नवीन काही सापडत असेल, काढलेलं परत येत असेल, तर बॅकअप घेऊन फॉरमॅट करणंच शहाणपणाचं. पण एक चौकट दिसली म्हणून दुकानदाराला त्याच्या हिशेबासकट मशीन सोडायला लावणं बरोबर नाही. आधी कारण शोधायला हवं.

डी-३ वहिनी: अनघा, आमच्याकडे वेगळंच आलं होतं परवा. पूर्ण स्क्रीनभर इशारा, भोंगा वाजत होता आणि खाली फोन नंबर, लगेच कॉल करा म्हणून. हेही तसंच का?

सी-११ अनघा: नाही वहिनी, ते पूर्ण वेगळं आणि जास्त धोक्याचं. ते वेबपेज असतं, कॉम्प्युटरला काही झालेलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन केला नाही ना?

डी-३ वहिनी: नाही गं. ह्यांनी स्विचच बंद केला.

सी-११ अनघा: बरं केलं. पुढच्या वेळी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. कोणी फोनवरून मशीनचा ताबा मागितला तर द्यायचा नाही. आणि कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या मोठ्यांना हे जरूर सांगा.

सेक्रेटरी: अनघाताई, सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज १० आहे. मेंटेनन्सचं सगळं त्यातच. काही करायला हवं का?

सी-११ अनघा: हवं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ ला चालण्यासारखं आहे का ते आधी बघू, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच कळतं. नसेल तर मीटिंगमध्ये विषय घ्या. पण मेंटेनन्सच्या नोंदींचा बॅकअप त्याआधी. संध्याकाळी सहानंतर मी घरी आहे, ऑफिसची किल्ली आणि एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या.

सेक्रेटरी: येतो.