काटा पाव टाकीवर, टाकी कोरडी

*शनिवार, रात्री ९:१०*
*ए-२०३ मृणाल:* गाडीतलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वाचा. काल आईबाबांना कल्याणहून नाशिकला आणताना इगतपुरी सोडली आणि घोटीच्या अलीकडे गाडी बंद. काटा पाव टाकी दाखवत होता, टाकी मात्र कोरडी ठाक. बाबांना शुगर आहे, त्यांची जेवणाची वेळ टळलेली, बाजूने ट्रक धडधडत जातायत. एका दुचाकीवाल्या दादांनी कॅनमधून ५ लिटर पेट्रोल आणून दिलं म्हणून घरी पोचलो. गॅरेजवाला म्हणतो डॅशबोर्डवरचं अख्खं मीटर बदला, १४ हजार. उद्या कळवायचंय. गाडी २०११ची, पेट्रोल.

*सी-१०४ अमोल:* बाबा बरे आहेत ना आता?

*ए-२०३ मृणाल:* हो दादा, बरे आहेत.

*बी-५०१ कुलकर्णी काका:* मृणाल, १४ हजारांना अजिबात हो म्हणू नकोस. आधी सांग, टाकी फुल केलीस की काटा वर जातो का? आणि खाली येताना कसा येतो?

*ए-२०३ मृणाल:* फुलला बरोबर जातो काका. अर्ध्यापर्यंतही नीट उतरतो. पाव टाकीला आला की तिथेच बसतो. रिझर्व्हचा दिवाही लागला नाही.

*बी-५०१ कुलकर्णी काका:* मग मीटर चांगलं आहे. मीटर गेलं असतं किंवा वायर तुटली असती, तर काटा एका टोकाला जाऊन पडला असता. तुझा काटा पाऊण वाट नीट चालतो, म्हणजे मीटरला जे कळवलं जातं ते तो दाखवतोय. कळवणाराच अडलाय.
आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसाच पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो, दांडीला लावलेला. दांडी वरखाली झाली की एक पट्टी रेझिस्टन्सवर (करंट कमी-जास्त अडवणाऱ्या भागावर) सरकते आणि तेवढा करंट मीटरला मिळतो. पुष्कळ गाड्यांत रिझर्व्हचा दिवाही त्याच सिग्नलवर लागतो. तुझा फ्लोट खाली उतरत नाहीये. हे कधीपासून?

*ए-२०३ मृणाल:* दिवाळीनंतर. त्याआधी कधीच नाही.

*बी-५०१ कुलकर्णी काका:* दिवाळीत गाडीचं काही काम केलं होतंस?

*ए-२०३ मृणाल:* पेट्रोल पंप बदलला होता, टाकीतला!

*बी-५०१ कुलकर्णी काका:* सापडलं बहुतेक. पंप आणि फ्लोट टाकीतल्या एकाच अ‍ॅसेंब्लीवर, म्हणजे एकाच सांगाड्यावर असतात. बसवताना ती जरा फिरली किंवा दांडी वाकली, की फ्लोट टाकीच्या भिंतीला टेकतो आणि अधांतरी राहतो.

*डी-३०२ सुनीता:* काका, आमच्या गाडीचा काटा तर कायम रिकाम्यावरच पडलेला. तेही फ्लोटच?

*बी-५०१ कुलकर्णी काका:* सुनीताताई, तुमच्याकडे आधी फ्यूज आणि मागच्या सीटखालचा कपलर (वायरींचा जोड) बघा. गंज किंवा सैल अर्थिंग फार वेळा निघतं. जुन्या गाडीत कपलर काढून सिग्नलची वायर छोट्या १२ व्होल्टच्या बल्बमधून अर्थला लावतात. काटा हळूहळू दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीत. थेट वायर टेकवायची नाही, मीटर जळू शकतं. नव्या गाड्यांत हा प्रयोगच नको, तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष बघायचं यंत्र).

*सी-१०४ अमोल:* मृणाल, उद्या आपणच उघडू या का खाली बेसमेंटमध्ये? माझ्याकडे मल्टिमीटर (करंट, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) आहे.

*बी-५०१ कुलकर्णी काका:* बेसमेंटमध्ये मुळीच नाही! पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचते. एक ठिणगी पुरते, वर ४८ घरं आहेत. इथे द्वारका सर्कलजवळ माझ्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे उघड्यावर करू. मी येतो सोबत. तू मल्टिमीटर आण, अमोल.
आणि मृणाल, जाताना आधी थोडं पेट्रोल भर. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, कोरडा फिरला की लवकर जातो.

*रविवार, दुपारी १:४०*
*ए-२०३ मृणाल:* झालं काम! इलेक्ट्रिशियननी आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, मागची सीट उचलली आणि टाकीतली अ‍ॅसेंब्ली बाहेर काढली. अमोलदादांनी मल्टिमीटर लावला, दांडी हाताने वरखाली केली. रीडिंग कुठेही न उडता सरळ चढलं-उतरलं, म्हणजे पट्टी शाबूत. पण फ्लोटच्या एका बाजूला घासून घासून पांढरी रेघ पडली होती. अ‍ॅसेंब्लीच्या झाकणावरची बाणाची खूण टाकीवरच्या खुणेपासून बोटभर सरकलेली! दांडी सरळ केली, खुणेवर खूण बसवली, रबरी रिंग नवी घातली. रिंग आणि मजुरी धरून ६५० रुपये.

*डी-३०२ सुनीता:* आणि काटा?

*ए-२०३ मृणाल:* चावी फिरवली तर काटा पावाच्या खाली सरळ तळाला गेला आणि रिझर्व्हचा दिवा लागला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. मग पंपावर १० लिटर भरलं, काटा तेवढाच वर आला. काका, बाबांनी तुम्हाला संध्याकाळी चहाला बोलावलंय, काकूंना घेऊनच या.

*बी-५०१ कुलकर्णी काका:* येतो. दोन-तीन टाक्या होईपर्यंत मात्र फुल केलीस की ट्रिप मीटर शून्यावर कर आणि ३०० किलोमीटरला भरत जा. एकदा काटा आणि किलोमीटर जुळले की मग काट्यावर सोड.