होणाऱ्या नवऱ्याची दिवाळखोरी आणि माझा क्रेडिट स्कोअर : मदत हवी आहे

माझं लग्न ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याचा धंदा बुडाला आणि त्याने रीतसर दिवाळखोरी जाहीर केली. हे त्याने स्वतःहून, कागद पुढ्यात ठेवून सांगितलं, त्यामुळे माणसाबद्दल शंका नाही. क्रेडिट रिपोर्ट ज्याचा त्याचा असतो, नुसत्या लग्नाने एक होत नाही, एवढं कळतं. घोडं अडतंय ते गृहकर्जापाशी. दोघांनी मिळून अर्ज केला तर त्याचाही रिपोर्ट बघणार, म्हणजे नकार नाहीतर चढा व्याजदर. एकटीने घेतलं तर माझाच पगार धरणार, रक्कम कमी. आई तर म्हणते, जॉइंट खातंही उघडू नकोस (आईच ती!). यातून गेलेल्यांनी काय केलं? आणि मी कुठेच जामीन नसताना त्याच्या जुन्या देण्यांसाठी माझ्या दारात कुणी येऊ शकतं का?