मुलगी अ‍ॅडलेडला जायचं म्हणते. पाणबुड्यांच्या भरवशावर कर्ज काढावं का?

वर्तकनगरची_आई:

नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकल इंजिनीयर, महापेला नोकरी करते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या एका विद्यापीठाची मास्टर्सची ऑफर आली आहे. राम मारुती रोडवरच्या कन्सल्टन्सीतला पोरगा म्हणाला, "मॅडम, तिथे अणुपाणबुड्या बांधणार आहेत, पुढची तीस वर्षं इंजिनीयर कमी पडणार, बिनधास्त पाठवा." आमच्या ह्यांचं नेमकं उलटं. जेवणं झाली की यूट्यूब लावतात. चीनच्या युद्धनौका ऑस्ट्रेलियाला वळसा घालून गेल्या, तिथे स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले, ट्रम्पचा काही नेम नाही, हेच चालू.

मी पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बसते. कुणी कर्ज मागायला आलं की धंदा कुणाच्या जिवावर चालतो हे आधी विचारते. आता तोच प्रश्न एका देशाबद्दल पडलाय. तारण आमचा राहता फ्लॅट, फेडायला दहा-बारा वर्षं. तेवढ्या काळात तो देश कुठे असेल? "सगळेच जातात हो" छापाची उत्तरं कृपया नकोत, ती सोसायटीत फुकट मिळतात.

घोडबंदर_जाम:

सगळेच जातात हो ताई 😀

बरं, गंमत सोडा. ३१ ऑगस्ट २०२५ चे मोर्चे खरेच झाले, पत्रकात भारतीयांचं नावही होतं. पण जून २०२४ च्या तिथल्या सरकारी आकड्यांत भारतात जन्मलेले लोक ९ लाखांच्या वर आहेत, इंग्लंडच्या खालोखाल. एवढ्यांना कोण बाहेर काढणार? अख्ख्या देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. साहेबांना यूट्यूब जरा कमी बघायला सांगा.

गोदीवाला_काका:

ताई, मी माझगाव डॉकमध्ये हल, म्हणजे बोटीचं कवच, बांधायच्या विभागात होतो, निवृत्त होऊन कोपरीत असतो. तुमच्या कन्सल्टन्सीवाल्याने पाणबुडी बांधताना पाहिलेली नाही, म्हणून लिहितो.

पाणबुडीचा प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब झेलणारं मुख्य कवच, म्हणजे जाड, खास पोलादाची कडी एकापुढे एक जोडलेली. जोड मारण्याआधी प्लेट गरम करायची, तापमान दाखवणारा खडू घासून बघायचा, खडू वितळला तरच पुढे. मग वेल्डिंग. मग जोडाची अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) तपासणी, मग एक्स-रे. फिल्मवर तांदळाच्या कणीएवढा डाग दिसला तरी तेवढा जोड कोरून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या पोलादावर हात बसलेला वेल्डर ही गोदीची खरी ठेव. आम्ही जर्मन डिझाइनच्या दोन बोटी बांधल्या, 'शाल्की' १९९२ ला आणि 'शंकुल' १९९४ ला नौदलात गेली. त्यानंतर कामच नव्हतं. तयार झालेले हात पांगले, कोणी आखातात गेलं, कोणी निवृत्त झालं. २००५ साली फ्रेंचांच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा बरंच काही नव्याने शिकावं लागलं. पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ ला नौदलात, सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ ला. करारापासून पहिल्या बोटीपर्यंत बारा वर्षं, आणि ही साधी डिझेल-इलेक्ट्रिक.

अ‍ॅडलेडचं ऑस्बोर्न यार्ड, म्हणजे तिथली गोदी, याच वाटेने गेलंय. स्वीडनच्या डिझाइनवर त्यांनी सहा कॉलिन्स बोटी बांधल्या, शेवटची २००३ मध्ये. नंतर दुरुस्ती भरपूर, नवी बांधणी शून्य. २०१६ मध्ये बारा बोटींसाठी फ्रान्स निवडला, ज्या कंपनीने आम्हाला स्कॉर्पिन शिकवली तीच. सप्टेंबर २०२१ मध्ये ते मोडून अमेरिका-ब्रिटनशी ऑकस हा संरक्षण करार केला. फ्रेंच कंपनीला ५५ कोटी ५० लाख युरो देऊन तोंड बंद केलं आणि हातात एकही बोट नाही. आता २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेकडून तीन व्हर्जिनिया जातीच्या अणुपाणबुड्या घ्यायच्या, आणि ऑस्बोर्नमधली पहिली नवी बोट २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला. २०५० च्या दशकापर्यंतचा अंदाजी खर्च २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. ज्या देशात एकही अणुवीज केंद्र नाही त्याने हे अंगावर घेतलंय.

बरं, अमेरिकेच्या यार्डांतून वर्षाला सव्वा बोट निघते, त्यांना स्वतःलाच दोन हव्यात. शिवाय बोट विकण्याआधी "यामुळे आमच्या नौदलाचं नुकसान होत नाही" असं राष्ट्राध्यक्षाने लिहून द्यायचं, असं तिथल्या कायद्यातच आहे. ट्रम्प साहेबांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज यांना हिरवा कंदील दाखवला. पण सही करणारा माणूस दुसराच असणार, आणि तो आज कुणालाच माहीत नाही. तुमच्या पतपेढीच्या भाषेत जामीनदार कोण तेच ठरलेलं नाही.

आता मुलीचं. कन्सल्टन्सीवाले हे मुद्दाम सांगत नाहीत: तसल्या कामाला सुरक्षा मंजुरी लागते आणि ती मंजुरी सहसा फक्त तिथल्या नागरिकाला. नागरिकत्वाला चार वर्षं वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर (कायम वास्तव्याचा परवाना), आणि पीआरची रांग वेगळीच. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे तेव्हा भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे काही करायचं मनात असेल तर आत्ताच बोलून ठेवा, आमच्याकडे यावरून दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

वर्तकनगरची_आई:

काका, जामीनदाराचं लगेच डोक्यात शिरलं. मुरबाडला थोडी जमीन आहे, सासऱ्यांच्या नावावर. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

पण मग देश चालतो कशावर? चीनशी भांडण झालं तर पगार कोण देणार?

दाणाबाजार_वाशी:

ताई, मी वाशीच्या दाणा बाजारात ऑस्ट्रेलियाचा हरभरा आणि मसूर बघतो. न्हावाशेव्याला कंटेनर उतरतो तिथून गोडाऊनपर्यंत.

चीनचं सगळे सांगतात. २०२० ला तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांनी कोविडच्या चौकशीची मागणी केली, चीनने बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं, वाईनवर २०० टक्क्यांच्या वर, कोळसा अडवला, लॉबस्टर अडवले. बरोबर. पण लोहखनिजाला हात लावला का? नाही, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागाइतकं खनिज द्यायला दुसरं कोणी नव्हतं. उलट २०२१ मध्ये लोहखनिजाचा भाव टनाला २०० अमेरिकन डॉलरच्या वर गेला आणि भांडणाच्या ऐन भरात ऑस्ट्रेलियाने चीनकडूनच बक्कळ कमावलं. बार्ली २०२३ ला सुटली, वाईन मार्च २०२४ ला, लॉबस्टर वर्षअखेरीला. म्हणून मी मोर्चे-बिर्चे सोडून आफ्रिकेतल्या गिनीमधल्या सिमांडू या लोहखनिजाच्या खाणीकडे बघतो. चिनी पैसा लागलेली ती खाण २०२५ च्या शेवटी चालू झाली. ती पूर्ण ताकदीने चालली की पुढच्या भांडणात चीनचा हात एवढा अडकलेला नसेल. तुमच्या कर्जाच्या मुदतीतच हे कळेल.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याला चीनसारखाच दणका आपणही दिलाय. डिसेंबर २०१७ ला दिल्लीने हरभऱ्यावर ३० टक्के शुल्क लावलं आणि मार्च २०१८ पर्यंत ते सेससकट ६६ टक्क्यांपर्यंत नेलं. क्वीन्सलंडवाले हरभरा सोडून दुसऱ्या पिकांकडे वळले. मे २०२४ ला आपल्याकडे भाव चढले, शुल्क शून्य झालं, त्यांनी पुन्हा धडाधड पेरला. १ एप्रिल २०२५ पासून परत १० टक्के. तेव्हा माल जहाजावर असला की आमच्या बाजारात जेवण कोणाला जात नाही. डिसेंबर २०२२ पासून दोन देशांत व्यापार करार लागू आहे, मसुरीला कोट्यापुरतं शुल्क अर्धं आहे. करार असला तरी हरभरा त्यात नाही, आणि अधिसूचना रात्रीतून निघते.

म्हणजे त्यांचं खनिज चीनवर, हरभरा आपल्यावर, पाणबुडी अमेरिकेवर. आणि डिझेल? देशात रिफायनरी उरल्यात दोन, ब्रिस्बेनजवळ आणि जिलाँगला. बाकी इंधन समुद्रमार्गे. चिनी नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये टास्मान समुद्रात गोळीबाराचा सराव करत होत्या, त्याची पहिली खबर एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने दिली. माझ्या मते त्या देशाला हल्ल्यापेक्षा सागरी वाट अडण्याची भीती जास्त, आणि पाणबुड्यांचा सगळा आटापिटा त्यासाठीच.

ऐरोली_पर्थ_ऐरोली:

मी तिथे शिकलो, नोकरी केली, आई-बाबांसाठी परत आलो. वरच्या दोघांनी समुद्र सांगितला, मी घरभाड्याचं सांगतो, कारण मुलीच्या आयुष्यात तेच आधी येणार.

पर्थला घर बघायला शनिवारी पंधरा मिनिटं उघडतात. बाहेर फुटपाथवर रांग, प्रत्येकाच्या हातात पगारपत्रकं आणि आधीच्या घरमालकाचं पत्र. विद्यार्थ्याकडे दोन्ही नसतं. त्या रांगेतला स्थानिक माणूस तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ना, तिथलं राजकारण तिथे घडतं, ऑकसवर नाही. मे २०२५ ची निवडणूक महागाई, घरं आणि दवाखान्यावर लढली गेली. अल्बानीज यांच्या मजूर पक्षाला १५० पैकी ९४ जागा, विरोधी नेते डटन स्वतःच्या मतदारसंघात पडले.

पण स्थलांतर कमी करू असं दोन्ही पक्ष म्हणत होते, फरक फक्त प्रमाणाचा. विद्यार्थी व्हिसाची फी ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती, जुलै २०२४ ला १,६०० झाली, जुलै २०२५ ला २,०००. डटन मोठ्या विद्यापीठांसाठी ५,००० करणार होते. खात्यात दाखवायची राहण्या-जेवणाची रक्कम मे २०२४ पासून २९,७१० डॉलर, म्हणजे सोळा लाखांच्या वरच. शिक्षणानंतरच्या व्हिसाला बहुतेकांसाठी वयोमर्यादा ५० वरून ३५ वर आणली. नव्या विद्यार्थ्यांचा आकडाही सरकार ठरवतं, २०२५ साठी २ लाख ७० हजार, २०२६ साठी २ लाख ९५ हजार.

मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे नुसते चिडलेलेच मतदार येत नाहीत, सगळेच येतात. म्हणून दोन्ही मोठे पक्ष मध्यावर राहतात. दार बंद करत नाहीत, पण उंबरठा दरवर्षी थोडा वर उचलतात. निवडणूक दर तीन वर्षांनी. तुमचं कर्ज फिटेपर्यंत चार होतील.

एक जमेची बाजू: व्हिसाच्या हिशेबात अ‍ॅडलेड 'रीजनल', म्हणजे मोठ्या महानगरांबाहेरचं, धरतात, सिडनी-मेलबर्न नाही. शिक्षणानंतरचा मुक्काम वाढवायला ते उपयोगी पडतं. भाडंही सिडनीपेक्षा कमी, पण पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही.

घोडबंदर_जाम:

काय राव, एका पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी हिंद-प्रशांत महासागर उपसला.

वर्तकनगरची_आई:

उपसू दे. कन्सल्टन्सीत तासभर बसून यातलं काही कळलं नव्हतं.

ठरवलं ते असं. फ्लॅट पूर्ण तारण नाही, कर्जाची रक्कम कमी करून काही ह्यांच्या पीएफमधून. पाणबुडीची नोकरी हिशेबात धरायचीच नाही. मुलीने काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि विचारतेय, नागरिक नसताना तिथे मेकॅनिकलवाल्याला खरंच काम कुठे?

गोदीवाला_काका:

तिला सांगा, सगळ्यांचं लक्ष गोदीच्या गेटच्या आत आहे, तिने गेटच्या बाहेर बघावं. ऑस्बोर्नला नागरिक इंजिनीयर आणि वेल्डर ओढले गेले की खाणी, गॅस प्लांट, साखर कारखाने, बंदरं यांच्या मेंटेनन्समध्ये जागा रिकाम्या होतात. तिथे मंजुरीची भानगड सहसा नसते. जाण्याआधी इथे अल्ट्रासोनिक टेस्टिंगची लेव्हल टू परीक्षा करून घे म्हणावं, रबाळे-महापेच्या पट्ट्यात शिकवणारे आहेत. तिकडची परीक्षा वेगळी द्यावी लागेल, पण स्क्रीनवरचा खरा दोष आणि खोटा दोष ओळखायला डोळा तयार असला की ती जड जात नाही. आणि महापेच्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र नीट, कामाच्या तपशिलासकट घ्यायला लावा. नुसतं 'वर्क्ड सॅटिस्फॅक्टरीली' असलं काही चालत नाही तिथे.