वादळ-अनुदान फक्त छपरालाच का?

हिशेबी: अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ या घर वादळापुढे मजबूत करण्याच्या अनुदान योजनेत घरमालकाच्या १ डॉलरमागे राज्य २ डॉलर घालतं, कमाल १०,०००. पण आधी काम स्वखर्चाने, पैसे मागाहून. ज्याच्या गाठीला १५,००० डॉलर आहेत त्यालाच मदत, असा हा प्रकार आहे.

वाराखिळा: अर्धंच सांगताय. अल्प उत्पन्न गटाला स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. आणि पैसा जातो तिथे कामही होतं. शिंगल्स (छपरावरच्या पातळ पट्ट्या) उडाल्याने घर बुडत नाही, खालच्या प्लायवूडच्या फटींतून पाणी शिरल्याने बुडतं: इन्सुलेशन भिजतं, सिलिंग कोसळतं. अलाबामाचं अनुदान (तेही १०,००० पर्यंत) ‘फोर्टिफाइड’ या वादळरोधक मानकाचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या छपरालाच मिळतं. त्यात फटींवर टेप आणि गुळगुळीत खिळ्यांऐवजी रिंग-शँक (दांड्यावर कडी असलेले, सहज न उपटणारे) खिळे लागतात. घोळ होतो तो इथे: खिळा वाशाला चुकून शेजारून जातो आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. म्हणून अंडरलेमेंट (शिंगल्सखालचा पाणी अडवणारा थर) अंथरण्याआधी फोटो काढून घ्या. झाकल्यावर पुरावा उरत नाही, प्रमाणपत्र अडतं. ते ५ वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं, हेही कंत्राटदार सहसा सांगत नाहीत.

पूररेषा: छप्पर शाबूत आणि दिवाणखान्यात चार फूट पाणी, याला काय म्हणायचं? २०२२ च्या इयन चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स बीचला समुद्रच घरात आणला. नेहमीच्या गृहविम्यात पूर धरत नाहीत. संघीय पूरविमा इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर देतो, तोही साधारण ३० दिवस थांबल्यावर लागू होतो. वादळाचं नाव जाहीर झाल्यावर धावून उपयोग नाही.

वाराखिळा: पुरासाठी २०२५ मध्ये ‘एलिव्हेट फ्लोरिडा’ ही घरं उंच उचलायला मदत करणारी योजना आली की.

पूररेषा: आली, पण घर उचलायच्या खर्चाचा २५ टक्के वाटा मालकाचा! त्यापेक्षा उंचावलेल्या घरांच्या तळमजल्यावरच्या फ्लड व्हेंटना (पुराचं पाणी आतबाहेर जाऊ देणाऱ्या भिंतीतल्या झरोक्यांना) पैसे द्या. बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटाला १ चौरस इंच उघडी जागा, किमान दोन व्हेंट, वेगवेगळ्या भिंतींत, खालची कड जमिनीपासून १ फुटाच्या आत. आतबाहेर पाणी सारखं झालं की भिंतीवर एकतर्फी दाब येत नाही. व्हेंटपुढे फ्रीज उभा केला की संपलं.

हिशेबी: व्हेंटने तळमजला कोरडा राहत नाही, हेही सांगा. एसीचं युनिट आणि विजेचा पॅनेल वर उचलल्याशिवाय व्हेंटवरचा खर्च अर्धवटच.