स्कूबाला बडी हवाच, अशी सक्ती का?

तापीकाठ (भुसावळ)
पावसाळा सरला की आमच्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपमध्ये मालवण-तारकर्लीचे बेत सुरू होतात, कोणी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाही जातं. यंदा एकाने सोलो डायव्हिंगचा (बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, न घेता एकट्याने उतरण्याचा) कोर्स करू का, असं विचारलं आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. मला ते पटलं नाही.

एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या सोलो कोर्सला किमान १०० नोंदवलेल्या डाइव्ह आणि २१ वर्षं वय लागतं. पाडी या दुसऱ्या संस्थेच्या सेल्फ-रिलायंट (स्वावलंबी) कोर्सलाही १०० डाइव्हची अट आहे. हवेचा वेगळा साठा, जादा मास्क, स्वतःच्या हवेचं गणित, सगळं करून घेतात. उलट बडी म्हणून आपल्या वाट्याला कोण येतो? बोटीवर जो उरला असेल तो. ओळख तासाभराची. त्याचा जीव कॅमेऱ्यात अडकलेला आणि मी त्याच्या फिन्सवर (पायातल्या पंखांवर) नजर ठेवून. असल्या सोबतीपेक्षा तयारीचा एकटा माणूस जास्त सुरक्षित आहे.

गिरणाई (चाळीसगाव)
साफ असहमत. जादा सिलिंडर एकाच संकटावर उपाय आहे: हवा संपणं. छातीत कळ आली तर? भोवळ आली तर? शुद्ध हरपलेला माणूस तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटरसुद्धा धरून ठेवू शकत नाही, कडेच्या बाटलीचं काय घेऊन बसलात! ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढते, तेव्हा ज्याला चढली त्यालाच ती कळत नाही. समोरच्याला कळते, कारण हा गेज (उरलेल्या हवेचा काटा) बघतोय पण आकडा त्याच्या डोक्यात शिरत नाही.

आपल्याकडे विहिरीत पडलेली मोटर काढायला चांगला पोहणारा गडीही एकटा उतरत नाही. कमरेला दोर आणि दोराचं टोक वर कोणाच्या तरी हातात, हे आधी बघतात.

तापीकाठ
ताई, दोर धरणारा वर असतो, शेजारी बुडी मारत नाही. बोटीवर माणूस नको, असं मी कुठे म्हटलंय?

आता हिशेब बघा. २० मीटरवर दाब ३ बार, म्हणजे वरच्या तिप्पट हवा लागते. माझी हवा संपली तेव्हा बडीच्या १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरलेत, म्हणजे ६०० लिटर. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटरने (२० मीटरवर तिप्पट, १२० लिटरने) श्वास घेतो असं धरलं, तर २० मीटरवर दोघांना ती जेमतेम अडीच मिनिटं. ३ लिटरची पोनी (कडेला लावायचा छोटा जादा सिलिंडर) २०० बारने भरलेली असेल तर हवा तेवढीच, ६०० लिटर. पण ती मला एकट्याला पाच मिनिटं पुरते, आणि ती शोधत कोणाच्या मागे जावं लागत नाही.

पांझरापार (धुळे)
भाऊ, तुमनं अर्धं खरं शे. धरणात बुडालेल्याचा शोध घेताना गढूळ पाण्यात हात दिसत नाही, तिथे एकच जण दोरावर खाली जातो. पण ओढीच्या खुणा आधी ठरलेल्या असतात आणि काठावर दुसरा डायव्हर गियर चढवून तयार बसलेला असतो. खाली एकटा दिसला तरी तो एकटा नसतो.

समुद्रात मला भीती वाटते ती मच्छीमारांच्या तुटक्या जाळ्यांची. जाळं सिलिंडरच्या वाल्व्हला अडकलं की ते बरोबर मानेमागे येतं. हात पोचत नाही, दिसतही नाही. एकट्याला रेग्युलेटर तोंडात धरून बीसीडी (सिलिंडर बांधलेलं हवेचं जॅकेट) काढावं लागतं, पुढे घेऊन जाळं कापावं लागतं, तेही वर न उसळता. बडी असेल तर पाठीमागून दोन वार, काम झालं.

केळीबाग (रावेर)
नवख्यांनी हा धागा वाचून भलतंच डोक्यात घेऊ नये. ओपन वॉटर कार्ड (पहिल्या कोर्सचं प्रमाणपत्र) म्हणजे १८ मीटर आणि सोबत बडी, बस्स. सोलोचा विषय त्यांच्यासाठी नाहीच.

गिरणाई
तापीकाठ, हिशेब बरोबर आहे, पण तो वाईट बडीचा आहे. माझा गेज १०० बारवर आला की मी दाखवते, तोही दाखवतो. मग ५० बारवर खाली रेंगाळण्याची वेळच का येईल? आणि चांगल्या बडीलाही ती पोनी बांधायला कोणी मनाई केलेली नाही. बोटीवर अनोळखी माणूस गळ्यात पडतो ही तक्रार मला मान्य आहे. मग ग्रुपमध्येच कायमच्या जोड्या लावू. निघायच्या आधी तरणतलावात एकमेकांच्या ऑक्टोपसवरून (जादा रेग्युलेटरवरून) श्वास घ्यायचा सराव, डोळे झाकून दुसऱ्याच्या वेटबेल्टचं (वजनाच्या पट्ट्याचं) बक्कल शोधणं, हे सगळं जळगावात होऊ शकतं.

तापीकाठ
जोड्या लावा, मी सरावाला येतो. पोनीही घेऊन येतो, सगळ्यांनी वापरून बघा. पण १०० डाइव्ह झालेल्या माणसाने कोर्स करायचा म्हटलं, तर त्याला अडवायचं नाही, यावर मी ठाम आहे.

गिरणाई
कोर्स करू दे. पण एकट्याने उतरण्याआधी बोटीवर गियर घालून कोण बसणार आणि किती मिनिटांनी खाली जाणार, हे त्याने ग्रुपवर लिहावं. तेवढं लिहिलेलं नसेल तर माझा विरोध कायम.