लकी ड्रॉमधून नाव कापलं, हे चालतं का?

हेंडरसनकर: लास वेगासजवळ राहतो. इथल्या कॅसिनोच्या शनिवारच्या लकी ड्रॉसाठी महिनाभर खेळून पॉइंट्स जमवले. मशीनमध्ये कार्ड घातलं तर म्हणे ‘आपण पात्र नाही’. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, मार्केटिंगचा निर्णय आहे. अहो, मी पत्ते मोजत नाही (म्हणजे निघून गेलेले पत्ते लक्षात ठेवून पैसे लावत नाही), लबाडी तर नाहीच. फक्त व्हिडिओ पोकर, म्हणजे मशीनवरचा पत्त्यांचा खेळ खेळतो, तेही ‘जॅक्स ऑर बेटर’ प्रकारचं: फुल हाउस जुळला तर लावलेल्या पैशांच्या ९ पट आणि फ्लश जुळला तर ६ पट देणारं.

जुनाखेळिया: तिथंच घोडं पेंड खातंय! न चुकता खेळलात तर त्या मशीनचा परतावा ९९.५४ टक्के. शंभर डॉलर फिरवले की त्यांच्या पदरात सरासरी ४६ सेंट. वर कॅशबॅक, फुकट जेवण आणि ड्रॉमध्ये गाडी? त्याच दोन जुळण्यांना ८ आणि ५ पट देणाऱ्या मशीनवर बसा, परतावा ९७.३०, मग बघा कशा पायघड्या घालतात.

एडिसनची मावशी: आमच्या न्यू जर्सीत १९८२ साली केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोने आपल्या मर्जीने कुणाला हाकलायचं नाही. पण तो वाद टेबलावर बसू देण्याचा होता, बक्षिसांचा नव्हे.

जुनाखेळिया: नेवाडात तर दारातूनच परत पाठवतात. कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे तक्रार करता येते, पण आधी ड्रॉचे नियम वाचा. तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय?

हेंडरसनकर: ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम.’ बायको म्हणते, तिच्या नावाने कार्ड काढू.

जुनाखेळिया: त्याच घरच्या पत्त्यावर? वहिनींचंही नाव कापतील.