बार्डोलीचा निर्णय : चळवळ लोकांची की एका माणसाची?

धागाकर्ता : चौरीचौऱ्यात ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जमावाने पोलीस ठाणे पेटवले, वीसहून अधिक पोलीस मृत्युमुखी पडले, आणि आठ-दहा दिवसांच्या आत बार्डोलीत गांधींच्या आग्रहावरून देशभरचे असहकार आंदोलन थांबवण्यात आले. तुरुंगात असलेल्या मोतीलाल नेहरू व लाला लजपतराय यांना हे मुळीच पटले नव्हते, पण निर्णय फिरला नाही. मार्चमध्ये खुद्द गांधींना अटक झाली, तेव्हा देश जवळजवळ गप्पच राहिला. जिचे दोर एकाच माणसाच्या हाती असतात, तिला लोकांची चळवळ म्हणावे का?

प्रतिसाद १ : आपण १९२२ वर थांबलात. मिठाच्या सत्याग्रहात ५ मे १९३० रोजी मध्यरात्रीनंतर कराडीच्या मुक्कामातून गांधींना उचलले, त्यांच्या जागी आलेल्या अब्बास तय्यबजींनाही पकडले, तरी २१ मे रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक गुजरातेतील धारासण्याच्या मिठागरावर गेलेच. एक रांग लाठ्यांखाली कोसळली की जखमींना उचलून नेत आणि पुढची रांग हात वर न करता चालू लागे. नेता तुरुंगात असताना हे घडले, यापेक्षा अधिक पुरावा कोणता हवा?

धागाकर्ता : पुरावा अर्धाच आहे. त्याच अटकेच्या बातमीने सोलापुरात पोलीस चौक्या जळाल्या, लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे जानेवारी १९३१ मध्ये चौघे फासावर गेले. गांधींचे नाव दोन्हीकडे सारखेच होते.

प्रतिसाद २ : नेमके म्हणूनच मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. धारासण्याला निवडलेले, शिकवलेले, आपल्यानंतर कोण हे ठाऊक असलेले स्वयंसेवक होते. सोलापुरात रस्त्यावर उतरला तो संतापलेला जमाव. नावाने माणसे गोळा होतात, पण लाठी पडत असताना हात खाली ठेवणे हे शिबिरातच शिकावे लागते. (सोलापूरकरांना कमी लेखण्याचा हेतू नाही, माझे आजोळ तिथलेच.)

प्रतिसाद १ : मान्य; मात्र ते शिकवण्याची पद्धत गांधींच्याच आश्रमातली होती, हे विसरू नये.

धागाकर्ता : शिस्त सर्वांची, पण वाटाघाट एकट्याची, ही माझी तक्रार उरतेच. मार्च १९३१ मध्ये व्हाइसरॉयशी झालेल्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरते मीठ काढण्याची सवलत मिळाली. साराबंदीत (शेतसारा न भरण्याच्या चळवळीत) जप्त होऊन तिसऱ्याला विकल्या गेलेल्या जमिनी मात्र परत देण्यास सरकार बांधील राहिले नाही. त्या शेतकऱ्यांपैकी कोणीही त्या टेबलाशी बसलेले नव्हते.